पोर्ट्रेटचा दर कसा लावावा: माझ्या स्टुडिओचा अनुभव

कोल्हापुरात राजारामपुरीत 2018 च्या दसऱ्याला मी स्टुडिओ उघडला, तेव्हा माझा दर एका वाक्यात मावायचा: दीड हजार रुपये, सगळे फोटो पेनड्राइव्हवर. आसपासच्या चार फोटोग्राफरांना विचारून त्यांच्यापेक्षा दोनशेने कमी लावला होता. बारसं, डोहाळजेवण, लग्नाच्या बायोडाट्याचे फोटो, काम भरपूर होतं. आणि महिनाअखेरीस भाडं भरायला घरून पैसे आणावे लागत होते. नव्याने धंद्यात उतरणारी मुलं-मुली भेटली की मी आधी हेच सांगते, शेजाऱ्याचा दर त्याच्या खर्चावर बसलेला असतो. त्याचा गाळा वडिलोपार्जित असेल, तुमचा भाड्याचा आहे.

मग एका रविवारी वही घेऊन बसले. भाडं 12,000. वीज 2,500. मदतनीस मुलीचा पगार 10,000. सॉफ्टवेअर, इंटरनेट, हार्ड डिस्क मिळून 2,500. कॅमेरा, लेन्स, लाइट, कॉम्प्युटर असं सामान 3,60,000 चं. पाच वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला 6,000 झीज. आणि माझा स्वतःचा पगार 30,000, जो तोवर मी खर्चात धरलाच नव्हता. बेरीज 63,000. सिटिंग म्हणजे ग्राहकाला समोर बसवून फोटो काढणं; दीड तासाच्या अशा एका सिटिंगमागे निवड, एडिटिंग, फोनाफोनी, लॅबच्या फेऱ्या धरून माझे नऊ तास जातात. मन लावून करायचं तर महिन्याला 14 सिटिंग होतात, त्याहून जास्त नाही. म्हणजे प्रिंट आणि फ्रेमचा खर्च वजा जाऊन प्रत्येक सिटिंगमागे 4,500 रुपये हातात राहायला हवेत. मी दीड हजार घेत होते.

दर वाढवल्यावर दोन महिने थंड गेले. त्यातच पितृपक्ष आला. तेवढे महिने निघतील एवढी शिल्लक बाजूला ठेवूनच दर वाढवा.

प्रिंटचा विचार मात्र मी एका ताईंच्या घरी करायला लागले. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो त्यांनी पेनड्राइव्हवर नेले होते. महिन्याभराने जेवायला बोलावलं. हॉलमध्ये मी काढलेला फोटो लावला होता. आजोबांचं कपाळ अर्धं कापलेलं, सगळ्यांचे चेहरे केशरी. बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांची चौकट 2:3 ची असते. 8 बाय 12, 12 बाय 18, 20 बाय 30 या मापांत ती बरोबर बसते. त्यांनी बाजारातून 8 बाय 10 ची फ्रेम आणली होती, मग लांबीतले दोन इंच कुठून तरी जाणारच. पाहुणे विचारत होते, फोटो कुणी काढला, आणि ताई कौतुकाने माझं नाव सांगत होत्या. मला घास गिळवेना. त्यानंतर प्रिंटशिवायचं पॅकेज मी ठेवलेलं नाही.

आता माझ्याकडे तीन पॅकेज आहेत. पाच हजारात सिटिंग, दहा एडिट केलेले फोटो आणि 8 बाय 12 ची एक प्रिंट. साडेसात हजारात पंधरा फोटो, 12 बाय 18 ची फ्रेम आणि 5 बाय 7 च्या बारा प्रिंट. चौदा हजारात पंचवीस फोटो, 20 बाय 30 ची फ्रेम आणि छोटा अल्बम. हे बहुतेक साठीशांत किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने सगळी भावंडं वर्गणी काढून घेतात. सिटिंगची तारीख धरायची तर 2,000 ॲडव्हान्स, आणि तो परत मिळत नाही. हे तोंडी सांगून भागत नाही. ऑर्डर फॉर्मवर लिहायचं, सही घ्यायची.

त्याच फॉर्मवर आणखी एक ओळ हवी. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे, ग्राहकाने सांगून, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक ग्राहकच असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे तुम्ही काढलेला फोटो तुमच्याच इन्स्टाग्रामवर टाकायलाही लेखी परवानगी हवी. लहान मुलांच्या बाबतीत तर मी दोन्ही पालकांना विचारते.

सुट्या प्रिंटचा दर सांगताना सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. 12 बाय 18 ची प्रिंट, लॅमिनेशन, फ्रेम मिळून मला 900 ला पडते, मी 2,800 घेते. ग्राहक विचारतो, एवढे का? स्क्रीनवर उजळ दिसणारा फोटो कागदावर काळपट येतो, म्हणून आधी छोटी चाचणी प्रिंट काढते. रंग चुकला तर पुन्हा काढते. वाटेत फ्रेमचा कोपरा फुटला तर भरपाई माझी. हे सगळं त्या 1,900 मध्ये आहे, आणि तसंच सांगितलं की बहुतेकांना पटतं. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि बिलावर 18 टक्के चढतात, तेही ध्यानात ठेवून आकडे ठरवा.

मोठ्या प्रिंटची मागणी आली तर फाइल तपासा. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात 6000 बाय 4000 पिक्सेल असतात. 20 बाय 30 ला इंचामागे 200 मिळतात, भिंतीवर दुरून पाहायला पुरेसे. पण अर्धा फोटो कापून चेहरा मोठा केला असेल तर नाही म्हणायचं.

माप ठरवायला मी वर्तमानपत्र वापरते. 8 बाय 12, 12 बाय 18, 20 बाय 30 असे कागद कापून, जोडून ठेवलेत. ते ग्राहकाला घरी न्यायला देते, सोफ्यामागच्या भिंतीला चिकटपट्टीने लावून बघा म्हणते. 8 बाय 12 चा कागद त्या भिंतीवर हरवून जातो. मला काही बोलावंच लागत नाही.

फक्त आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत जपून. एका सूनबाईंनी सासूबाईंचा एकटीचा मोठा फोटो हॉलसाठी मागितला. फोटो निवडायला आजी स्वतः आल्या होत्या. कागद बघितला आणि म्हणाल्या, "मी अजून हाय की गं, मला कशाला भिंतीवर चढवतीस?" भिंतीवरचा एकटा चेहरा म्हणजे हार घातलेला, हे त्यांच्या मनात पक्कं. मी तो फोटो बाजूला सारला. दोघी नातींसोबत मटार सोलत बसलेल्या आजींचा फोटो काढला होता, तो हॉलसाठी ठरला. मग आजींनीच विचारलं, बारके फोटो मिळतील का. 5 बाय 7 ची प्रिंट हातात दिली. ती डोळ्यांजवळ धरून त्या बोटांवर मोजायला लागल्या: गडहिंग्लजची बहीण, कागलची नणंद, तीन लेकी, माहेरची भावजय, शेजारची शांता... बारा भरले. पॅकेजमधल्या त्या बारा प्रिंट तिथून आल्या.