चौघांचा एक परिचय: तरुण क्वार्टेटसाठी

मी व्हिओला वाजवते. एका क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो अशा चौघांच्या संचात, अकरा वर्षं काढली, आणि आता एका छोट्या मैफलमालिकेसाठी संच निवडायचं काम करते. त्यामुळे दर हंगामाआधी तरुण संचांच्या परिचयांचा गठ्ठा माझ्यासमोर येतो. 'आपल्या पिढीतील सर्वांत लक्षवेधी संचांपैकी एक' हे वाक्य त्यातल्या निम्म्या कागदांवर असतं. मग सभागृहांची नावं येतात, मग बक्षिसांची. पान संपलं तरी हे चौघं एकमेकांबरोबर का वाजवतात, हे कळत नाही. आणि मला तेवढंच जाणून घ्यायचं असतं. ध्वनिमुद्रण ऐकण्याआधी मी परिचय वाचते तो त्यासाठीच.

लिहायला बसण्याआधी एक तालीम या कामासाठी द्या. वाद्यं पेटीतच राहू द्या. प्रत्येकाने वेगळ्या कागदावर तीन गोष्टी लिहायच्या: आपण एकत्र कसे आलो, आपल्याला खरोखर कोणी घडवलं, आणि सध्या कोणती रचना आपल्याला सोडत नाही. मग कागद एकमेकांना द्या. आमचं पहिल्याच प्रश्नावर अडलं होतं. स्थापनेचं वर्ष पहिल्या तालमीचं धरायचं की पहिल्या जाहीर मैफलीचं, यावर तासभर चर्चा झाली. कोणतंही धरा, पण एकच धरा आणि सगळीकडे तेच लिहा. दोन ठिकाणी दोन वर्षं दिसली की आयोजकाला बाकीच्या मजकुराबद्दलही शंका येते.

पहिलं वाक्य जन्मकथेचं असू द्या. अमाडेउस क्वार्टेटमधले तिघं व्हिएन्नाहून आलेले निर्वासित होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये नजरकैदेत असताना त्यांच्या ओळखी झाल्या, पुढे चेलोवादक मिळाला आणि १९४८ मध्ये लंडनच्या विगमोर हॉलमध्ये ते त्या नावाने उभे राहिले. डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटमधल्या तिघांची मैत्री लहानपणी संगीताच्या उन्हाळी शिबिरात झाली, आणि तिथे ते फुटबॉलही एकत्र खेळायचे. एमरसन क्वार्टेट १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या जुलियार्ड या संगीतसंस्थेच्या विद्यार्थ्यांमधून उभं राहिलं. तुमची गोष्ट याहून साधी असेल. वसतिगृहात शेजारच्या खोल्या होत्या, किंवा एका परीक्षेपुरता संच जुळवला आणि मग सोडवला नाही. ती आहे तशी लिहा. वाचणाऱ्याला चार माणसं दिसली पाहिजेत.

गुरूंचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण क्वार्टेट ही विद्या संचाकडून संचाकडे जाते. लासाल क्वार्टेटचे वॉल्टर लेव्हिन यांच्याकडे आल्बन बर्ग क्वार्टेट शिकलं. त्याच आल्बन बर्गचे पहिले व्हिओलावादक हाट्टो बेयर्ले यांनी २००४ मध्ये युरोपियन चेंबर म्युझिक अकॅडमी सुरू केली, आणि पहिले व्हायोलिनवादक ग्युंटर पिख्लर यांनी माद्रिदमध्ये कितीतरी तरुण संच घडवले. म्हणून गुरूचं नाव वाचताना मला त्यांनी जपलेला सूर, त्यांनी लावलेली तालमीची शिस्त आठवते. हे नाव फार जपून लिहायला हवं.

इथे मी स्वतः चुकले आहे. आमच्या सुरुवातीच्या परिचयात मी एका थोर चेलोवादकांचं नाव 'यांच्याकडे शिक्षण घेतले' असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात आम्ही त्यांच्यासमोर एका मास्टरक्लासमध्ये, म्हणजे श्रोत्यांसमोर होणाऱ्या एकवेळच्या शिकवणीत, चाळीस मिनिटं वाजवलं होतं. एका मैफलीला ते स्वतः आले, कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन बसले. नंतर भेटले तेव्हा आमच्या वाजवण्याबद्दल प्रेमाने बोलले, त्या ओळीबद्दल एक शब्दही काढला नाही. मला आजही ते आठवून लाज वाटते. तेव्हापासून मी क्रियापदं काटेकोरपणे निवडते. वर्ष-दोन वर्षं नियमित धडे घेतले असतील तर 'यांच्याकडे शिकले'. ठराविक दिवस मार्गदर्शन मिळालं असेल तर 'यांचं मार्गदर्शन लाभलं'. एकदाच भेट झाली असेल तर 'यांच्या मास्टरक्लासमध्ये सहभाग', किंवा सरळ वगळा. आणि ज्या शिक्षिकेने तुम्हाला वयाच्या चौदाव्या वर्षी पहिल्यांदा हेडन या संगीतकाराची रचना वाजवायला बसवलं, तिचं नाव प्रसिद्ध नसलं तरी लिहा.

बक्षिसांबद्दल थोडक्यात. तीनपेक्षा जास्त नकोत, आणि प्रत्येकासोबत वर्ष व क्रमांक हवाच. कॅनडातल्या बान्फची क्वार्टेट स्पर्धा तीन वर्षांतून एकदा होते. म्युनिकची एआरडी (जर्मन नभोवाणीची संगीत) स्पर्धा १९५२ पासून दरवर्षी भरते, पण तिथले वाद्यप्रकार आलटून पालटून येतात, क्वार्टेटची पाळी दरवर्षी नसते. त्यामुळे नुसतं 'एआरडी विजेते' लिहिलं की जाणकार वाचक अडखळतो. 'एआरडी, म्युनिक, २००४, प्रथम' असं एबेन क्वार्टेटला लिहिता येतं, आणि त्यात सगळं आलं. अंतिम फेरीपर्यंत गेला असाल तर 'अंतिम फेरी' लिहा. तो मान लहान नाही. शिष्यवृत्ती किंवा निवासी कार्यक्रम असेल तर किती काळाचा तेही सांगा.

आता रचना. 'हेडनपासून आजच्या संगीतकारांपर्यंत विस्तृत आवाका' ही ओळ मी वाचते आणि विसरते. हेडनची अडुसष्ट क्वार्टेट आहेत, त्यातली कोणती? १७७२ ची ओपस २० की १७८१ ची ओपस ३३? (ओपस म्हणजे प्रकाशित रचनांचा क्रमांक; या दोन्हींत सहा-सहा क्वार्टेट आहेत.) ओपस २० निवडणाऱ्या संचाकडून मला चारही आवाज मोकळे ऐकू येण्याची अपेक्षा असते. त्यातल्या दुसऱ्या क्वार्टेटची पहिली धूनच चेलो सांगतो, आणि तीन क्वार्टेटचा शेवट फ्यूगने होतो, म्हणजे एकच धून प्रत्येक वाद्य पाळीपाळीने उचलतं, तिथे कोणी मागे लपू शकत नाही. ओपस ३३ निवडणाऱ्यांकडून मी संवाद आणि खोडकरपणा ऐकायला बसते. म्हणजे एका ओपस क्रमांकात तुमच्या स्वभावाचा अंदाज येतो. बार्टोकची सहाही क्वार्टेट बसवत असाल तर किती हंगामांत ते लिहा. नवी रचना करवून घेतली असेल तर संगीतकाराचं नाव, वर्ष आणि पहिला प्रयोग कुठे झाला ते लिहा. शक्य असेल तर अर्धं वाक्य कारणाचं जोडा. एका संचाने लिहिलं होतं की शोस्ताकोविचचं आठवं क्वार्टेट ते वर्षभर अंधारात, पाठ करून वाजवत होते, कारण त्यांना नजरेच्या खुणांशिवाय एकत्र श्वास घ्यायचा होता. मी त्यांना लगेच बोलावलं.

उपजीविकेची इतर कामं लपवू नका. कोणी शाळेत शिकवतं, कोणी वाद्यवृंदात बदली वादक म्हणून जातं. मोठ्या संचांनाही संस्थांचा आधार लागलेला आहे. बुडापेस्ट क्वार्टेट १९४० पासून वीसहून जास्त वर्षं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये निवासी संच, म्हणजे तिथे नियमित मैफली करणारा संच, होतं. जुलियार्ड क्वार्टेट १९४६ मध्ये त्या संस्थेतच स्थापन झालं. वाद्य कोणाकडून वापरायला मिळालं असेल तर देणाऱ्याचं नाव करारात सांगितलं असेल तसंच, शेवटच्या ओळीत द्या.

सदस्य बदलले असतील तर सरळ सांगा. डॅनिश क्वार्टेटमध्ये नॉर्वेचे चेलोवादक २००८ मध्ये आले, आणि ही गोष्ट ते स्वतःच मोकळेपणाने सांगतात. अमाडेउसचे व्हिओलावादक पीटर शिडलोफ १९८७ मध्ये गेले तेव्हा उरलेल्या तिघांनी वादक बदलण्याऐवजी संचच थांबवला. दोन्ही निर्णय सन्मानाचे आहेत. एमरसनप्रमाणे तुमचे दोन व्हायोलिनवादक जागा बदलत असतील तर तीही ओळ हवी, नाहीतर श्रोते पत्रिका आणि मंच यांचा मेळ घालत बसतात.

मसुदा एकानेच लिहावा. चौघांनी मिळून लिहिलेलं वाक्य कोणाचंच राहत नाही. बाकीच्या तिघांनी तथ्यं तपासावीत आणि मग एकाने मोठ्याने वाचावं. वाचताना ज्या विशेषणावर कोणाचीही नजर खाली जाते ते काढून टाका. पन्नास, दीडशे आणि तीनशे शब्दांच्या तीन आवृत्त्या तयार ठेवा. आयोजकाला जागा कमी पडली की तो स्वतः कात्री लावतो, आणि नेमकं तुमच्या शिक्षिकेचं नाव जातं.

प्रत्येक आवृत्तीच्या तळाशी तारीख घाला: 'हा परिचय अमुक महिन्यापर्यंतच वापरावा.' आमची चेलोवादक सोडून गेली त्याला दोन वर्षं झाली होती, तरी एका सभागृहाने जुना मजकूर छापला. आमच्या नव्या चेलोवादकाचे आईवडील त्या दिवशी पहिल्यांदा त्याला ऐकायला आले होते. पत्रिकेत त्यांनी मुलाचं नाव शोधलं, आणि ते तिथे नव्हतं. मध्यंतरात मी पेन घेऊन त्यांच्या प्रतीवर ते लिहून दिलं. जुन्या सगळ्या फाइल मी त्याच रात्री पुसल्या, आणि ज्यांना ज्यांना त्या पाठवल्या होत्या त्या प्रत्येकाला नवा मजकूर पाठवला.