पीएचडीसाठी मुलाखती घेताय? पहिली झाली की थांबा आणि कोडिंगला बसा

क्वालिटेटिव्ह रिसर्च करणारे बरेच जण आधी सगळ्या मुलाखती उरकतात आणि मग अ‍ॅनालिसिसकडे वळतात. कळकळीने सांगते, असं करू नका. मी केलं होतं, आणि अठरावी मुलाखत टाइप करताना लक्षात आलं की माझा मुख्य प्रश्नच असा होता की समोरचा हो किंवा नाही म्हणून मोकळा.

तर पहिली मुलाखत झाली की ती स्वतः टाइप करा. तासाभराच्या रेकॉर्डिंगला नवख्या माणसाचे पाच-सहा तास सहज जातात, जाऊ द्या, कारण त्यातच आपण कुठे मधे तोंड घातलं, कुठे उत्तर आयतं पुरवलं ते ऐकू येतं. "तेव्हा खूप त्रास झाला असेल ना?" हा प्रश्न नाही, यात उत्तर आधीच देऊन टाकलंय. "तेव्हा काय काय झालं, जरा सविस्तर सांगाल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. शांतता पाच-दहा सेकंद लांबली तरी सहन करा, खरं बोलणं बहुतेक वेळा तिच्यानंतरच येतं.

मग कोडिंग, म्हणजे बोलण्यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या तुकड्याला एक छोटं नाव, म्हणजे कोड, देणं. समजा नोकरी गेलेला माणूस म्हणाला, "घरी सांगितलंच नाही, उगाच काळजी करतील." यावर 'बेरोजगारी' असा कोड टाकला तर तो नुसता विषय झाला, हाती काहीच लागत नाही. 'काळजी नको म्हणून लपवणं' असा कोड टाका, म्हणजे पुढच्या मुलाखतीत आपोआप शोधाल की हा कोणापासून लपवतोय, कोणाला सांगतोय, आणि का. असं सतत ताडून बघणं हाच ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी 1967 मध्ये मांडलेल्या ग्राउंडेड थिअरीचा (डेटामधूनच सिद्धांत उभा करण्याच्या पद्धतीचा) गाभा, आणि तुमची पद्धत दुसरी असली तरी ही सवय कामाला येतेच. डोक्यात जे येईल ते त्याच दिवशी मेमोत, म्हणजे स्वतःसाठीच्या टिपणात, लिहा, अर्धवट वाक्यात लिहिलं तरी चालेल.

थिमॅटिक अ‍ॅनालिसिस (कोड एकत्र करून मोठे समान धागे, म्हणजे थीम्स, बांधणं) करणार असाल तर ब्राउन आणि क्लार्क यांचे 2006 चे सहा टप्पे सगळेच वापरतात, पण चेकलिस्टसारखे टिक करत जाऊ नका, मागे-पुढे जावंच लागतं. आणि थिसिसमध्ये "डेटामधून थीम्स वर आल्या" असं लिहू नका, त्या तुम्ही घडवल्यात, कशा घडवल्या ते सांगा.

मुलाखती किती? 12 हा आकडा जिथेतिथे ऐकाल. तो 2006 च्या एका अभ्यासातून आला, त्यात 60 मुलाखती तपासल्या तेव्हा बहुतेक कोड पहिल्या 12 मध्येच सापडले होते, पण तिथले लोक बऱ्यापैकी सारखे होते आणि सगळ्यांना जवळपास तेच प्रश्न विचारले होते. तुमचे लोक वेगवेगळ्या थरांतले असतील तर 12 चा आधार घेऊ नका.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर एनव्हिवो काय किंवा अ‍ॅटलास टीआय काय, कोड नीट लावून ठेवतात, पण अर्थ तुम्हालाच लावायचाय. पहिल्या दोन-तीन मुलाखती कागदावर कोड करा.

आणि नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका, पद, वय आणि कामाची जागा एकत्र आली की ओळखीचा माणूस लगेच ओळखतो, तेव्हा ट्रान्स्क्रिप्ट गाईडला दाखवण्याआधी या तिन्ही गोष्टी एकदा तपासा.