प्रोटीन शिकताना: घट्ट पकड म्हणजे चांगलं काम नव्हे

सांगलीत एमएस्सीला बायोकेमिस्ट्री घेतलेल्यांना पहिल्याच सेमिस्टरला प्रोटीनची रचना लागते, आणि हा सोपा भाग आहे असं सगळ्यांनाच वाटतं. रचनेचे प्रायमरी ते क्वाटर्नरी हे चार स्तर, अल्फा हेलिक्स आणि बीटा शीट हे साखळीच्या घड्यांचे प्रकार, साखळीचे कोन दाखवणारा रामचंद्रन प्लॉट हे तुम्हाला येतंय असं धरते. दांडी उडते ती पुढच्या प्रश्नावर: या रचनेवरून काम ठरतं ते कसं? ‘रचना बदलली की काम बदलतं’ एवढं लिहून पोरं थांबतात. मधला दुवा असतो बाइंडिंगचा, म्हणजे दुसरा रेणू धरण्याचा. प्रोटीन कशाला धरतं, किती घट्ट धरतं आणि कधी सोडतं, हे सांगितल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही.

खरी मेख ‘सोडतं’ या भागात आहे. केडी (प्रोटीनच्या अर्ध्या जागा भरायला लागणारं प्रमाण) जितका लहान तितकी पकड घट्ट, हे बरोबर. पण तिथून आपण नकळत ‘पकड घट्ट म्हणजे प्रोटीन भारी’ असं धरून चालतो. मीही बराच काळ तसंच धरून होते, आणि ऑक्सिजनचा दाब वाढताना हिमोग्लोबिन किती भरतं याचा एस आकाराचा ग्राफ नुसता पाठ करत होते. म्हणून हे सावकाश सांगते.

मायोग्लोबिन ही एकच साखळी, स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारी. ती ऑक्सिजनच्या सुमारे 2.8 मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबालाच अर्धी भरते. चार साखळ्यांच्या हिमोग्लोबिनला अर्धं भरायला सुमारे 26 लागतात. पकड मायोग्लोबिनचीच घट्ट. मग रक्तात तेच का नाही? एक्सेल उघडा आणि आकडे घालून बघा. मायोग्लोबिनसाठी दाब भागिले (दाब अधिक 2.8). हिमोग्लोबिनसाठी हिलचं समीकरण, म्हणजे तसाच भागाकार, पण 2.8 च्या जागी 26 घालून आणि दाब व 26 दोन्हींना 2.8 हा घातांक देऊन. (दोन्हीकडे 2.8 आलंय हा योगायोग आहे, गोंधळू नका.) फुफ्फुसात दाब सुमारे 100: मायोग्लोबिन 97 टक्के भरलेलं, हिमोग्लोबिन 98. राबणाऱ्या स्नायूत दाब 20 धरा: मायोग्लोबिन अजूनही 88 टक्के भरलेलं, हिमोग्लोबिन 32 वर आलेलं. म्हणजे हिमोग्लोबिन दोन तृतीयांश माल उतरवून मोकळं होतं आणि मायोग्लोबिन जेमतेम दहावा हिस्सा सोडतं. वाहतुकीच्या कामाला घट्ट पकडीचं प्रोटीन कुचकामी आहे. हे आकडे एकदा स्वतःच्या हाताने काढा, झेरॉक्सच्या नोट्समध्ये वाचून ते डोक्यात बसत नाहीत.

आता हे रचनेत बघा. पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या ऑनलाइन साठ्यातून 2एचएचबी हे ऑक्सिजन नसलेलं आणि 1एचएचओ हे ऑक्सिजन धरलेलं मानवी हिमोग्लोबिन उतरवून घ्या, पायमॉल किंवा कायमेरा-एक्स या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी ठेवा. 1एचएचओ उघडल्यावर दोनच साखळ्या दिसतील. फाइल चुकलेली नाही, बायोलॉजिकल असेंब्ली (शरीरात असतो तसा पूर्ण रेणू) निवडा म्हणजे चारही येतील. ऑक्सिजन बसला की लोहाचा अणू अर्ध्या अँगस्ट्रॉमहूनही (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) कमी सरकून हीमच्या, म्हणजे त्याला धरणाऱ्या सपाट चकतीच्या, पातळीत येतो, त्याला जोडलेलं हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आपल्या हेलिक्सला ओढतं, आणि शेवटी साखळ्यांची एक जोडी दुसरीच्या तुलनेत सुमारे 15 अंशांनी फिरते. एका जागी ऑक्सिजन बसल्यामुळे बाकीच्या जागांची पकड वाढते, एस आकार येतो तो इथून. मॅक्स पेरुट्झ यांनी या रेणूवर आयुष्य घालवलं. 1962 चं नोबेल त्यांना जॉन केंड्र्यू यांच्याबरोबर मिळालं. एवढ्याशा सरकण्याचा एवढा परिणाम बघताना मला अजूनही भारी वाटतं.

सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही याच नजरेने वाचा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामेटऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येतं. हीमची जागा शाबूतच असते. पण ऑक्सिजन सुटल्यावर ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसतं आणि दोरे तयार होतात. नको तिथे नवीन बाइंडिंग झालं, हा आजार त्यातून आला.

प्रोजेक्टबद्दल स्पष्टच सांगते. सांगली हळदीची पेठ, त्यामुळे कर्क्युमिन (हळदीतलं पिवळं द्रव्य) घेऊन डॉकिंग, म्हणजे संगणकावर तो रेणू प्रोटीनमध्ये बसवून पकडीचा अंदाज, करायचा मोह इथे सगळ्यांना होतो. उणे 8.5 किलोकॅलरी असा स्कोअर आला की ‘औषध सापडलं’ असं लिहू नका. सुमारे 1.4 किलोकॅलरीचा फरक म्हणजे केडीत दहापट फरक, आणि डॉकिंगची चूक सहज त्याच्या दुप्पट असू शकते. शिवाय नेहमीच्या डॉकिंगमध्ये प्रोटीन ताठ धरलेलं असतं, वर सांगितलेलं फिरणं त्यात दिसतच नाही. नुसत्या स्कोअरवर प्रबंध उरकून देणारे गाइड टाळा, असं माझं ठाम मत आहे. ‘कंट्रोल (तुलनेची चाचणी) कुठाय?’ म्हणून पिच्छा पुरवणाऱ्या मॅडम मिळाल्या तर त्यांना सोडू नका, त्या कितीही रागावल्या तरी.

गणित कच्चं आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं, म्हणून घाबरू नका. इथे लागतो तो भागाकार आणि लॉग. दोन-तीन आठवडे रोज एक ग्राफ काढलात की हात बसतो.

आणि कर्क्युमिनच करायचं असेल तर त्याचं बाइंडिंग प्रत्यक्ष मोजा, पण जपून. ते 425 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, स्वतःही चमकतं, आणि सीरम नसलेल्या 7.2 पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये 37 अंशांना अर्ध्या तासात बहुतेक विघटित होतं. द्रावण रोज ताजं करा, आणि प्रोटीन नसलेली एक ट्यूब प्रत्येक रीडिंगला सोबत ठेवा.