दोन वेब सर्व्हर, एकच अपलोड्स फोल्डर

वर्डप्रेसची साइट लोड बॅलन्सरमागे (वाचकांना सर्व्हरांमध्ये वाटून देणारी व्यवस्था) दोन सर्व्हरवर नेली की पहिली तक्रार ठरलेली असते: ‘फोटो कधी दिसतो, कधी दिसत नाही.’ संपादकाने चढवलेला फोटो पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर पडतो. वाचक दुसऱ्याकडे गेला की त्याला ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. यावर सोपा उपाय म्हणजे अपलोड्स फोल्डर तिसऱ्या मशीनवर ठेवून एनएफएसने (नेटवर्क फाइल सिस्टिम: दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर आपल्याच डिस्कवर असल्यासारखं वापरू देणारी सोय) दोघांना जोडणं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलेला हा प्रोटोकॉल म्हातारा झाला, पण या कामाला अजून चोख आहे. खालची कृती उबुंटूवरची.

दोघांमध्ये काय सामायिक ठेवायचं ते आधी ठरवा. फक्त अपलोड्स. अख्खं वर्डप्रेस एनएफएसवर ठेवायचा मोह होतो, पण मग पीएचपी प्रत्येक विनंतीला शेकडो फाइली नेटवर्कवरून तपासत बसतं आणि साइट रांगायला लागते. कोड ज्याचा त्याच्या डिस्कवर असू द्या. कॅशे (तात्पुरत्या प्रतींचं) फोल्डरही सामायिक करू नका.

स्टोरेजच्या मशीनवर एनएफएस कर्नल सर्व्हर हे पॅकेज टाका, फोल्डर बनवा आणि त्याची मालकी वेब सर्व्हरच्या युजरला द्या. एनएफएस सहसा नाव नाही, आकडा ओळखतो. उबुंटूवर या युजरचा आकडा ३३ असतो. तिन्ही मशीनवर तोच आहे ना, हे बघून घ्या.

आता इटीसी या सेटिंग्जच्या फोल्डरमधल्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये (कोणतं फोल्डर कोणाला द्यायचं याची यादी) एक ओळ: फोल्डरचा पत्ता, मग प्रत्येक वेब सर्व्हरचा आयपी आणि त्याला चिकटून कंसात वाचन-लेखनाची परवानगी व सिंक (डिस्कवर लिहून झाल्यावरच ‘झालं’ म्हणा). ‘चिकटून’ हा शब्द गांभीर्याने घ्या. आयपी आणि कंस यांच्यात एक स्पेस पडली, तर कंसातली परवानगी साऱ्या जगाला मिळते आणि तुमच्या सर्व्हरला उरते फक्त वाचनाची. या एका स्पेसपायी मी एक अख्खी दुपार घालवली आहे. रूट स्क्वॉश (वेब सर्व्हरच्या रूट युजरला इथे साधा युजर मानणारी सोय) बंद करू नका. फायरवॉलमध्ये २०४९ हा पोर्ट फक्त त्या दोन आयपींना उघडा आणि सगळं खासगी नेटवर्कवरच ठेवा, कारण साध्या मांडणीत एनएफएस काहीच एन्क्रिप्ट करत नाही. शेवटी एक्स्पोर्टएफएस चालवून बदल लागू करा.

जुने फोटो आरसिंकने (फाइलींची नक्कल करणारं साधन) थेट स्टोरेजच्या मशीनवर न्या: एकदा साइट चालू असताना, आणि जोडणीच्या ऐन आधी, नवे अपलोड थांबवून, पुन्हा एकदा. दोन्ही सर्व्हरवरचे फोटो न्यायचे हे विसरू नका. अर्धे इकडे, अर्धे तिकडे असणारच.

मग दोन्ही वेब सर्व्हरवर एनएफएस कॉमन हे पॅकेज टाका. जुन्या अपलोड्सचं नाव बदलून ठेवा आणि त्या जागी रिकामं फोल्डर करा. माउंट करण्याआधी, म्हणजे स्टोरेजचं फोल्डर इथे जोडण्याआधी, या रिकाम्या फोल्डरला चॅटर या आज्ञेने कुलूप घाला, म्हणजे त्यात काही लिहिता येणार नाही. नाहीतर कधी माउंट झालंच नाही, तर नवे फोटो गुपचूप स्थानिक डिस्कवर जात राहतील, आणि माउंट पूर्ववत झाल्यावर त्याखाली झाकले जातील.

एफएसटॅबमधल्या (मशीन सुरू होताना काय माउंट करायचं याची यादी) ओळीत हार्ड (स्टोरेज परत येईपर्यंत थांबा) आणि नेटडेव्ह (नेटवर्क आल्यावरच माउंट करा) हे पर्याय असू द्या. हार्डऐवजी सॉफ्ट (काही प्रयत्नांनंतर सोडून द्या) घेतलं तर स्टोरेज अडखळल्यावर लेखन अर्धवट सुटून फाइल बिघडू शकते. हार्डमध्ये प्रक्रिया लटकतात, पण फाइल बिघडण्यापेक्षा लटकलेलं परवडलं.

तपासताना एका सर्व्हरवरून फोटो चढवा, दुसऱ्यावर उघडा. क्वचित नवी फाइल थोडी उशिरा दिसते, कारण क्लायंट (इथे वेब सर्व्हर) फोल्डरची माहिती ३० ते ६० सेकंद लक्षात ठेवतो. मग वेब सर्व्हर एकेक करून रीबूट करा आणि माउंट आपोआप परत येतं का बघा. ही चाचणी रात्री नाही, दिवसा करा. आणि बॅकअप त्याच रात्रीपासून सुरू करा: आता एका ठिकाणी पुसलेला फोटो दोन्हीकडून जातो.