जनरेटर घेताय? आधी तो चालवणार कुठं ते ठरवा

पाऊस लागला की कोल्हापुरात एकच चौकशी असते, राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आलं? ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या पुढं गेली, २०२१ ला ५६ वर. दोन्ही वेळा नदीकाठच्या भागात लाईट कित्येक दिवस नव्हती, आणि इन्व्हर्टरची बॅटरी पहिल्याच रात्री उतरते. म्हणून हल्ली बरेच जण पेट्रोलवरचा छोटा जनरेटर बघायला निघतात. दुकानात पहिला प्रश्न किमतीचा असतो. माझ्या मते तो तिसरा असावा. पहिला प्रश्न, मशीन चालवणार कुठं? दुसरा, घराला जोडणार कसं?

२०२१ ला आम्ही मावशीकडं अडकलो होतो. खाली पाणी, माणसं वरच्या मजल्यावर. भिजू नये म्हणून जनरेटर गॅलरीत ठेवला, दार लोटून घेतलं, फटीतून वायर आत. तासाभरात मावशीचं डोकं ठणकायला लागलं, धाकट्या भाच्याला उलटी झाली. सगळ्यांना वाटलं, दगदगीनं झालं असेल. धूर तर आत दिसत नव्हता. पण कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. मशीन बंद करून सगळ्यांना गच्चीवर मोकळ्या हवेत नेलं, तेव्हा हळूहळू बरं वाटायला लागलं. झोपेत असतो तर काय झालं असतं, हा विचार अजून नको वाटतो.

घरात, जिन्याखाली, बंद गॅलरीत, शटर अर्धं उघडून दुकानात, कुठंही नाही. खिडक्या-दारांपासून किमान २० फूट लांब, आणि सायलेन्सरचं तोंड घराकडं नको, शेजाऱ्याच्या खिडकीकडंही नको. पुराच्या भागात याचा अर्थ बहुतेक वेळा गच्ची, जिन्याच्या दारापासून लांबच्या कोपऱ्यात, चारी बाजूंनी मोकळ्या पत्र्याखाली. मशीन साधारण २० ते ४५ किलोचं असतं. ते जिन्यानं वर कोण नेणार, हे पैसे देण्याआधी बघा.

दुसरी चूक याहून भयंकर. वायरीच्या दोन्ही टोकांना प्लग लावायचा आणि जनरेटरची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून उलटी घरात सोडायची. मेन स्विच बंद करायला कुणी विसरलं, की तुमचे २३० व्होल्ट मीटरमधून बाहेर जातात आणि कोपऱ्यावरच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, उलटे चढून ११,००० होतात. तिकडं कमरेएवढ्या पाण्यातून आलेला वायरमन, लाईन बंद आहे असं समजून खांबावर चढलेला असतो. म्हणून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर (एका वेळी बाहेरची लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच) बसवा, लायसन असलेल्या वायरमनकडूनच, आणि अर्थिंगही तपासून घ्या. तोवर फ्रिज, पंखे थेट जनरेटरवरून जाड एक्स्टेन्शननं चालवा.

आता क्षमता. जनरेटरवर ती केव्हीएमध्ये लिहिलेली असते. दोन केव्हीए म्हणजे दोन हजार वॅट नव्हे, साधारण १६०० धरा. मशीनवर मोठ्या अक्षरात ‘मॅक्स’ असतं, तुम्ही ‘रेटेड’ वाचा, म्हणजे मशीन सतत पेलेल तेवढं. तीन पंखे २२५ वॅट, पाच एलईडी ४५, फ्रिज १५०, टीव्ही १००, मोबाइलची चार्जिंग, सगळं मिळून साडेपाचशेच्या आसपास. इथवर छान. मग कुणीतरी टाकीत पाणी चढवायला एक एचपीचा पंप लावतं. चालताना तो हजारभर वॅट घेतो, पण सुरू होताना काही क्षण त्याच्या दुप्पट-तिप्पट मागतो. जनरेटर दबतो, पंप नुसता घुंऽऽ करत राहतो आणि मोटरच्या आतलं तारेचं वाइंडिंग जळतं. असा पंप चालवायचा असेल तर ३ केव्हीएच्या खाली विचारच नको. तरीही आधी पंप एकटा लावा, तो बंद केल्यावर बाकीचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोटर वाइंडिंगवाल्याला तुमच्या पंपाची पाटी दाखवली तरी अंदाज मिळेल. गिझर आणि इस्त्री विसरा.

घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर जर जनरेटरची वीज घेत नसेल तर मशीन बिघडलं असं लगेच समजू नका. इन्व्हर्टरच्या मागचं बटण यूपीएसवरून ईकोवर करून बघा.

चालू होत नाही, ही तक्रार मात्र निम्म्या वेळा पेट्रोलची असते. गेल्या पावसाळ्यातलं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसतं. ठेवून देताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा. नवीन मशीन बहुतेकदा ऑइलशिवाय येतं, भरल्याशिवाय दोरी ओढू नका. तापलेल्या मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका. साठा धातूच्या कॅनमध्येच ठेवा, घराबाहेर. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि पंपांवर पेट्रोल मिळेना, म्हणून सकाळी तास, संध्याकाळी तास एवढंच चालवायचा हिशेब धरा. दार सारखं उघडलं नाही तर फ्रिज चार तास गार राहतो.

आणि दर महिन्याला पंधरा मिनिटं, पंखे-दिव्यांचा लोड लावून, गच्चीवर चालवून बघा. मे महिन्यात नक्कीच.