शिक्षणातलं संशोधन आणि शेजारची शास्त्रं : उसनवारीत या चुका टाळा

‘बाई, ३८४ झाले!’ असा मेसेज गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीचा आला. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी तिनं मुंबईतल्या चार शाळांचे नववीचे १२ वर्ग गाठले होते. प्रत्येक वर्गात ३२ मुलं. विषय नेहमीचाच, अभ्यास-सवयी आणि शैक्षणिक संपादन (म्हणजे परीक्षेतलं यश) यांचा सहसंबंध. ३८४ हा आकडा आमच्याकडे पाढ्यासारखा पाठ असतो. लोकसंख्या लाखाच्या पुढे गेली की सॅम्पल ३८४. तक्ता जोडला की गाईड खूश आणि व्हायवाला कुणी विचारत नाही.

हा तक्ता क्रेजसी आणि मॉर्गन यांनी १९७० मध्ये दिला. त्यात एक अट आहे : प्रत्येक व्यक्ती सुटी, चिठ्ठी काढून निवडलेली हवी. आमच्या मुलीनं मुलं निवडली नव्हती, वर्ग निवडले होते. एका वर्गातली ३२ मुलं एकाच सरांकडे गणित शिकतात, एकमेकांच्या वह्या उतरवतात, पुष्कळदा संध्याकाळी एकाच क्लासला जातात. त्यातल्या चौघांना विचारलं की उरलेल्यांचं बरंचसं कळून चुकतं. गणितच करून बघा. वर्गातल्या मुलांमधलं हे साम्य, शून्य ते एक या मापावर, ०.२ धरू, परीक्षेच्या गुणांच्या बाबतीत हे काही अवास्तव नाही. ३२ मधून १ वजा, गुणिले ०.२, अधिक १, म्हणजे ७.२. आता ३८४ ला ७.२ नं भागा. हाती उरतात ५३. फॉर्म ३८४ जणांचे, माहिती ५३ जणांइतकी. तेच ४० वर्गांतून दहा-दहा मुलं घेतली असती, तर ४०० फॉर्मांत १४३ जणांइतकी माहिती मिळाली असती. झेरॉक्सचा खर्च जवळपास तेवढाच. पायपीट मात्र जास्त, आणि खरी अडचण तीच असते.

हे असं का होतं? प्रश्नावली आणि टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांमधला फरक तपासायची चाचणी) आम्ही मानसशास्त्राकडून घेतली. तिथे एकेकटा माणूस मोजतात. माणसं गटात राहतात आणि गटासारखी वागतात, हे ज्ञान समाजशास्त्राच्या घरी होतं, ते आणायला कुणी गेलंच नाही. शिक्षणशास्त्र मुळातच उसनवारीवर चालतं आणि त्यात कमीपणा काही नाही. घोळ होतो तो वस्तू आपल्या घरी येते आणि तिची अट शेजारीच राहते तेव्हा. बरीच वर्षं सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचे आराखडे, वाचतेय. दहातल्या सात-आठांत दुखणं हेच असतं.

वॉर्डाचा आकडा मुलाच्या माथी

दुसरी खोड अशी. एखाद्या वॉर्डात अमुक माध्यमाच्या शाळा जास्त आणि तिथेच गळतीही जास्त, असं शासकीय आकडेवारीत दिसतं. लगेच निष्कर्ष तयार : त्या माध्यमाच्या घरांत शिक्षणाची आस्था कमी. पण तुमच्याकडे आकडा वॉर्डाचा आहे, घराचा नाही. शाळा सोडणारी मुलं त्या वॉर्डातल्या दुसऱ्याच माध्यमाची असू शकतात.

समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये हा सापळा दाखवला, तोही साक्षरतेच्याच आकड्यांवर. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत राज्यवार पाहिलं, तर जिथे परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी. सहसंबंध उणे ०.५३. म्हणजे स्थलांतरित जास्त शिकलेले? तेच माणसागणिक पाहिलं तर अधिक ०.१२, उलटंच चिन्ह. स्थलांतरित लोक मुळात जास्त साक्षर असलेल्या राज्यांत जाऊन राहिले होते, एवढंच. मुंबईत तर एकाच एम पूर्व वॉर्डात देवनारच्या संशोधन संस्थांचे कॅम्पस आहेत आणि गोवंडीच्या वस्त्याही. या दोन्हींची सरासरी काढून तुम्ही नेमकं कुणाचं घर गाठणार?

‘असर’च्या, म्हणजे ‘प्रथम’ संस्थेच्या शिक्षण-पाहणीच्या अहवालाबद्दल थोडक्यात सांगते, कारण ही चूक दर वर्षी होते. २००५ पासूनची ‘असर’ची नियमित पाहणी ग्रामीण जिल्ह्यांत, मुलांच्या घरी जाऊन होते. मुंबईच्या महापालिका शाळांवरच्या प्रबंधात ‘असरनुसार’ म्हणून वाचनाचे आकडे देणं म्हणजे कोकणचा पाऊस मोजून मराठवाड्याचा अंदाज देण्यासारखं आहे. केंद्र सरकारचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०२४ पासून ‘परख राष्ट्रीय सर्वेक्षण’) शाळेत होतं, त्यामुळे शाळेबाहेरचं मूल त्यात येतच नाही. दोन्हीचे आकडे एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडू नका.

‘गृहिणी’

ही चूक माझी स्वतःची. एम.एड.ला असताना मानखुर्दच्या एका शाळेत पालकांच्या सहभागावर काम करत होते. प्रश्नावलीत रकाना होता : आईचा व्यवसाय – नोकरी / धंदा / गृहिणी. साठातल्या एक्कावन्न जणींची खूण ‘गृहिणी’वर. मी मोठ्या ठसक्यात लिहिलं, ‘बहुसंख्य माता घरी असूनही पाल्याच्या अभ्यासाकडे लक्ष देत नाहीत.’

एका फॉर्मवर सही राहिली होती म्हणून शाळा सुटल्यावर त्या घरी गेले. दहा बाय बाराची खोली. पोटमाळ्याच्या शिडीखाली आई बसलेली, समोर केसांच्या पिनांचा ढीग आणि छापील पुठ्ठ्यांची चवड. एका पुठ्ठ्यावर बारा पिना. असे बारा पुठ्ठे झाले की एक ग्रोस, पैसे ग्रोसवर. मी विचारलं, ‘ताई, तुम्ही काम करता का काही?’

‘नाही ओ बाई, घरीच असते मी.’ बोलताना हात थांबला नव्हता.

मुलगी पाचवीत. ती पुठ्ठे रचत होती. ‘एकवीस झाले, अजून तीन आण म्हणजे दोन ग्रोस,’ असं धाकट्या भावाला सांगत होती. माझ्या यादीत याच मुलीपुढे ‘गणित : कमकुवत’ असं लिहिलं होतं.

त्या एका रकान्यात तीन शास्त्रांकडून शिकण्यासारखं होतं. अर्थशास्त्रातली माणसं रोजगाराच्या पाहणीत ‘काम करता का’ असं नुसतं विचारून थांबत नाहीत. गेल्या सात दिवसांत निदान एक तास काम केलं का, असं खोदून बघतात. सांख्यिकी कार्यालयाच्या वेळ-वापर सर्वेक्षणात तर काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं, ते क्रमानं लिहून घेतात. घरी बसून होणाऱ्या कामाला बायका स्वतःच काम म्हणत नाहीत, हे स्त्री-अभ्यासवाल्यांना केव्हाच माहीत होतं. मुलीच्या गणिताबद्दल बोलायचं, तर ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या पाच मुलांवर केलेला अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता केलेले त्यांचे हिशेब ९८ टक्के बरोबर. तेच हिशेब कागदावर नुसते आकडे मांडून दिले तेव्हा ३७ टक्के. आपल्याकडे मानखुर्दच्याच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रानं धारावीतल्या मुलांच्या अशा गणितावर काम केलेलं आहे. मी ज्या स्टेशनला रोज उतरत होते, त्याच मानखुर्दला हे केंद्र आहे. लाज वाटते, पण खरं आहे.

तेव्हा प्रश्नावली छापायच्या आधी चार-पाच घरी जा. वही बाहेर काढू नका, चहा घ्या. पायलट म्हणून त्याच शाळेत पंधरा फॉर्म वाटून क्रॉनबॅक अल्फा काढणं पुरेसं नाही. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात. चुकीच्या गोष्टीबद्दल सगळे प्रश्न अगदी छान जुळू शकतात.

सांस्कृतिक भांडवलाची यादी

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांची ‘सांस्कृतिक भांडवल’ ही संकल्पना सध्या फार चालते. तिचं टूल, म्हणजे मोजायची प्रश्नावली, कसं होतं बघा. घरी वर्तमानपत्र येतं का? पुस्तकांचं कपाट आहे का? पालकांशी इंग्रजीत बोलता का? वीस प्रश्न, पाच पर्याय, बेरीज. बेरीज कमी आली की मूल ‘वंचित’.

बोर्द्यूंचं म्हणणं होतं की शाळा काही घरांची रीत तेवढी गुणवत्ता म्हणून ओळखते आणि बाकीच्यांची ओळखतच नाही. म्हणजे बोट शाळेकडे होतं. आमच्या टूलनं ते वळवून घराकडे केलं. मूल ‘पानी’ लिहितं, शिक्षक लाल गोल करतात. ते मूल घरी एक, गल्लीत दुसरी आणि दुकानात तिसरी भाषा बोलतं, त्याला मात्र गुण नाहीत. मुंबई महापालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते, अशा शहरात हे दिसू नये? तुम्हाला ही संकल्पना वापरायचीच असेल, तर पंधरा दिवस वर्गात मागच्या बाकावर बसा आणि कुणाच्या कोणत्या बोलण्याला ‘शाब्बास’ मिळतं, ते टिपा. ते जमणार नसेल तर शीर्षकात ‘घरातील शैक्षणिक साधने’ असं लिहा. साधं आहे, पण खरं आहे.

कुटुंबाचा सामाजिक-आर्थिक स्तर मोजणाऱ्या कुप्पुस्वामी श्रेणीबद्दल : ती १९७६ ची आहे, शहरी कुटुंबांसाठीच आहे, पण तिच्यातले उत्पन्नाचे गट महागाईनुसार बदलून घ्यावे लागतात. जुन्या प्रबंधातून जशीच्या तशी उचलू नका.

बालसखीचा पुरावा, अर्धाच

प्रयोगाच्या बाजूनं बोलणारे विद्यार्थी हमखास ‘बालसखी’चा दाखला देतात. दाखला चांगलाच आहे आणि आपल्या गावचा आहे. ‘प्रथम’ संस्थेचा हा कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्यात होता. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या आणि परिणाम मोजला. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या प्रकारच्या प्रयोगांना मिळालं, त्यातलाच हा एक. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी रोज साधारण दोन तास वेगळं बसवून शिकवायची. दुसऱ्या वर्षी गुण ०.२८ प्रमाण विचलनानं (गुण सरासरीभोवती किती पसरलेत, त्याचं हे माप) वाढले.

इथवर सगळे लिहितात. पुढचं गाळतात. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरानं हा फायदा ०.१० च्या आसपास उरला होता. मागे पडलेली मुलं उठून गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला, पण त्यात उरलेल्यांना काही फायदा दिसला नाही. संगणकाचा प्रयोग वडोदऱ्यात झाला, मुंबईत नव्हे. तरी ‘मुंबईत संगणकामुळे गुण वाढले’ हे वाक्य मी तीन सिनॉप्सिसमध्ये वाचलं आहे. बहुतेक तिघांनी एकाच प्रबंधावरून उतरवलं असावं.

‘क्लासला जाणाऱ्या मुलांचे गुण जास्त, म्हणून क्लासचा परिणाम’ असं लिहिणाऱ्यांनी तर या प्रयोगातल्या चिठ्ठ्या लक्षात ठेवाव्यात. तुमच्या नमुन्यात चिठ्ठी कुणी टाकली नव्हती. क्लासची फी परवडणारी घरं आपणहून वेगळी झाली होती.

वैदिक काळापासून सुरुवात

विषय ‘कुर्ल्यातील माध्यमिक शिक्षकांचा ताण’ आणि पहिल्या प्रकरणाची सुरुवात गुरुकुलापासून. मग १८३५ चा मेकॉले, मग कोठारी आयोग, मग २०२० चं धोरण. हा इतिहास नव्हे, स्टेशनांची यादी आहे.

त्यापेक्षा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाला दिलेलं निवेदन वाचा. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा मुद्दा आज सार्वजनिक वित्ताच्या प्रकरणात बसेल. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, वेळ पडली तर नांगर धरता येईल असे असावेत, हा मुद्दा समाजशास्त्रात बसेल. फुल्यांना ही खाती वेगळी करायची गरज पडली नाही. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनाही नाही. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते आणि १९६९ मध्ये भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद निघाली तेव्हा तिचेही पहिले सदस्य-सचिव तेच. अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. आता मुंबई विद्यापीठाच्या कलिन्याच्या आवारात शिक्षणशास्त्र आणि समाजशास्त्र चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि आमचे विद्यार्थी दोन वर्षांत तिकडे एकदाही जात नाहीत.

डेटा गोळा होऊन गेलाय, आता?

फेकू नका. आधी शीर्षक आणि निष्कर्ष आखडते घ्या : ‘परिणाम’च्या जागी ‘संबंध’, ‘मुंबईतील विद्यार्थी’च्या जागी ‘निवडक चार शाळांतील विद्यार्थी’. मग वर्गवार सरासऱ्या काढून एका कागदावर रांगेत लिहा. बहुस्तरीय विश्लेषण (मूल, वर्ग, शाळा हे थर वेगवेगळे धरणारं) येत असेल तर उत्तमच. सांख्यिकी किंवा अर्थशास्त्र विभागातलं कुणी ना कुणी शिकवतं. पण हा कागद आधी.

३८४ वाल्या मुलीकडून मी तो करून घेतला. दोन वर्ग बाकीच्यांपेक्षा ठळक खाली होते. दोन्ही एकाच शाळेचे, त्यामुळे ‘शाळेतील वातावरण’ असा परिच्छेद तिनं लिहायला घेतलाच होता. मी म्हटलं, आधी जाऊन विचारून ये. ती गेली. दुपारचं सत्र, शनिवार, फॉर्म शेवटच्या तासाला भरून घेतलेले. शिपायानं तिला सांगितलं, ‘मॅडम, त्या दिवशी खाली मैदानात मॅच होती ना.’ मुलांनी दप्तरं खांद्याला लावूनच खुणा केल्या होत्या. तिनं ते दोन वर्ग काढून टाकले नाहीत. हा सगळा प्रकार, मॅचसकट, प्रकरण चारमध्ये लिहिला.