शिंदळ माकुडीचे संवर्धन करताना या चुका टाळा

शिवनेरी, सज्जनगड, पुरंदर अशा किल्ल्यांच्या कातळकड्यांवर तग धरून राहिलेली शिंदळ माकुडी ही केवळ महाराष्ट्रात आढळणारी, रुईच्या कुळातील मांसल वनस्पती आहे. मुंबई प्रांताचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी १९ व्या शतकात तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. ती वाचावी म्हणून अनेक जण मनापासून रोपे तयार करतात आणि नेमक्या त्याच उत्साहात मोठी चूक होऊन बसते.

ही चूक म्हणजे रोपांच्या संख्येलाच संवर्धन समजणे. शिंदळ माकुडीच्या फांदीचा तुकडा सहज मुळे धरतो, त्यामुळे एका झाडाच्या छाटांपासून काही वर्षांत ५०० पिशव्या भरणे अवघड नाही. परंतु जनुकांच्या हिशेबाने त्या सर्व पिशव्यांत एकच झाड असते. पाणी जास्त होऊन बुडखा मऊ पडू लागला किंवा एखादा रोग आला, तर जे एका रोपाला सोसत नाही ते कोणालाच सोसत नाही. रोपवाटिकेत फुले भरपूर येतात, माश्याही फिरताना दिसतात, तरी शेंग धरत नाही, अशी तक्रार असेल तर खत बदलण्यापूर्वी मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्या छाटा घेतल्या ती मूळ झाडे, किती आहेत ते पाहावे. या कुळातील अनेक वनस्पतींमध्ये स्वतःच्या परागाने बी धरत नाही आणि छाटाने वाढवलेल्या शेजाऱ्याचा परागही स्वतःचाच असतो. यावर उपाय एकच: एकमेकांपासून दूर असलेल्या झाडांच्या छाटा, वन खात्याची आणि संरक्षित किल्ला असल्यास पुरातत्त्व खात्याचीही परवानगी घेऊन आणाव्यात आणि प्रत्येक पिशवीवर मातृवृक्षाचा क्रमांक लिहावा.

छाटांऐवजी बी वापरले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. तडकलेली शेंग हातात घेतली तर रेशमी झुपक्यांच्या चपट्या बिया एकावर एक रचलेल्या दिसतात आणि एवढ्या बिया पाहून समाधान वाटते. मात्र या कुळात पराग सुटा नसून पुंजक्यांत बांधलेला असतो आणि माशीच्या पायाला किंवा सोंडेला अडकून तो पुंजकाच दुसऱ्या फुलात पोहोचतो. त्यामुळे एका शेंगेतील बिया बहुधा एकाच आईबापाची सख्खी भावंडे असतात. एका शेंगेतील १०० बियांपेक्षा २० झाडांच्या प्रत्येकी ५ बिया कितीतरी मोलाच्या आहेत. ज्या जनुकरूपाचे (एकाच जनुकाच्या निरनिराळ्या रूपांपैकी एकाचे) प्रमाण ५ टक्के आहे, ते हाती लागण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल, तर एकमेकांशी नाते नसलेली सुमारे ३० झाडे लागतात. कड्यावर तेवढी झाडेच नसतील तर जी आहेत त्या प्रत्येकाकडून थोडे घ्यावे आणि बहुतांश बी तिथेच राहू द्यावे.

वेगवेगळ्या किल्ल्यांची रोपे एकत्र वाढवून मिळेल त्या कड्यावर लावणे हीदेखील चूकच, कारण प्रत्येक कड्याचे ऊन, वारा आणि पाऊस निराळे असतात आणि तिथली झाडे पिढ्यान्‌पिढ्या त्यांनाच सरावलेली असतात. तरीही मी हा नियम आंधळेपणाने पाळायला सांगणार नाही. प्रजननात प्रत्यक्ष भाग घेणारी झाडे ५० असतील तर दर पिढीला सुमारे १ टक्का जनुकीय विविधता गळते, तीच १० उरली तर ५ टक्के. अशा अगदी आटलेल्या समूहाला जवळच्या, सारख्या परिस्थितीतील कड्यावरून नवे रक्त द्यावेच लागते; फक्त तो निर्णय अभ्यासकांसोबत, नोंद ठेवून घ्यावा.

लागवडीच्या आसपास कीटकनाशक मारू नये, कारण परागीभवन माश्यांवरच अवलंबून आहे. ज्या रोपांचे क्रमांक पुसले गेले आहेत किंवा मूळ ठिकाण आठवत नाही, ती कितीही जोमदार दिसली तरी पुन्हा कड्यावर लावू नयेत. ती बागेत ठेवावीत आणि विद्यार्थ्यांना ओळख करून देण्यासाठी वापरावीत.